आठ शीर्षकं, एक फॉन्ट: रहस्यकथा-मालिकेच्या मुखपृष्ठांसाठी डिस्प्ले फॉन्टची निवड

पार्श्वभूमी

कुमार वाचकांसाठीची आठ रहस्यकथांची मालिका. पुस्तकं आधी सुटी सुटी आली होती आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर वेगळं अक्षरवळण होतं. प्रकाशकाला ती एकत्र, एका ओळखीत काढायची होती. चित्रं आठ वेगवेगळी असणार होती, त्यामुळे मालिका ओळखू येण्याची सगळी जबाबदारी शीर्षकाच्या अक्षरांवर, म्हणजे डिस्प्ले फॉन्टवर (मोठ्या आकारातल्या शीर्षकांसाठी केलेल्या फॉन्टवर) आली. आकार डेमी, म्हणजे १४० × २१६ मि.मी. कणा ११ ते १४ मि.मी. छापील पुस्तकासोबत ई-बुक, ऑनलाइन दुकानांतली छोटी चित्रं आणि एक मोठं पोस्टर हेही त्याच अक्षरांत हवं होतं. शीर्षकावर स्पॉट यूव्ही (तेवढ्याच भागावर चकाकीचा थर), कण्यावर फॉइल (दाबून चिकटवलेला चमकदार पापुद्रा). हाताशी सहा आठवडे. कामावर एक डिझायनर, मालिकेच्या संपादिका, निर्मिती सांभाळणारा एक जण आणि विक्री विभागाचा प्रतिनिधी.

पुस्तकांची खरी नावं इथे बदलली आहेत, पण बदलताना अक्षरांच्या अडचणी जशाच्या तशा राखल्या आहेत: मृगजळाचा नकाशा, उद्ध्वस्त वेधशाळा, तिसऱ्या मजल्यावरची खोली, ॲल्बममधला अनोळखी, शेवटचा श्रोता, घड्याळजीचा पत्ता, लुप्त शृंखला, मध्यरात्रीचे विद्यार्थी. तपासलेल्या फॉन्टनाही नावांऐवजी क्रमांक दिले आहेत. फॉन्टची नवी आवृत्ती आली की जुने दोष बहुधा दुरुस्त झालेले असतात, आणि एकदा लेखात आलेला दोष मात्र नावाला कायमचा चिकटतो.

अडचण

संपादिकांची मागणी एका वाक्याची होती: अक्षर बघूनच धास्ती वाटली पाहिजे. डिझायनरने एका मोफत फॉन्टच्या संग्रहातून खरबरीत, कडा फाटल्यासारख्या दिसणारा सजावटी फॉन्ट उतरवून घेतला (यापुढे फॉन्ट एक) आणि पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करून दाखवलं. ‘मृगजळाचा नकाशा’ त्यात देखणं दिसलं. बैठकीत सगळ्यांनी होकार दिला.

या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच. ‘मृगजळाचा नकाशा’ हे आठांतलं सर्वांत सोपं शीर्षक आहे. एक ऋकार सोडला तर सगळी सुटी, काना असलेली किंवा नसलेली अक्षरं. जोडाक्षर नाही, रफार नाही, वेलांटीही नाही. अशा शब्दात कुठलाही फॉन्ट शोभतो. मंजुरी मिळाली ती फॉन्टच्या सोप्या बाजूला, आणि उरलेली सात शीर्षकं लावायला घेतल्यावर एकेक करून गोष्टी सुटायला लागल्या.

‘उद्ध्वस्त’मधलं द्ध्व त्या फॉन्टमध्ये नव्हतंच. त्याने द् पाय मोडून वेगळा काढला आणि पुढे ध्व मांडलं. ‘तिसऱ्या’तला अर्धा र, जो मराठीत चंद्रकोरीसारखा काढतात, तोही नव्हता, तिथे नुक्ता असलेला र, त्याखाली हलन्ताची खूण आणि शेजारी य असं दिसलं. ‘ॲल्बम’च्या ॲ ऐवजी रिकामी चौकट आली. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत मिळालं. बरेच जुने किंवा घाईने केलेले फॉन्ट ते बाळगत नाहीत. ‘शेवटचा श्रोता’ आणि ‘लुप्त’ यांत श आणि ल हिंदी वळणाचे आले. भाषा ‘मराठी’ लावूनही ते बदलले नाहीत, कारण फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोयच नव्हती.

हे झालं अक्षरसंचाचं. खरबरीतपणाची वेगळी तक्रार होती. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराचं एकच चित्र असतं. ‘ॲल्बममधला’मध्ये दोन म लागोपाठ येतात, आणि दोघांच्या उभ्या दंडावर तोच ओरखडा, त्याच जागी, तसाच. हाताने फाडल्याचा भास तिथेच संपतो. चांगल्या सजावटी फॉन्टमध्ये अशा वेळी पर्यायी आकार दिलेले असतात आणि शेजार बघून ते आपोआप बदलतात. इथे ते नव्हते. शिवाय दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंच्या फाटक्या कडा जुळत नव्हत्या आणि प्रत्येक सांध्यावर बारीक पायरी दिसत होती. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे असली सजावट त्यांच्यात खपून जाते. देवनागरीत शिरोरेषा सगळी अक्षरं बांधते आणि सजावटीचा पहिला दोष तिथेच उघडा पडतो.

शेवटी परवाना. झिप फाइलमधल्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं निघालं. व्यावसायिक परवान्यासाठी निर्मात्याशी संपर्क करून आठवडा गेला, उत्तर आलं नाही. सहापैकी दोन आठवडे संपले होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता फॉन्ट एक ठेवण्याचा: अडलेली तीन शीर्षकं आउटलाइन करून (अक्षरं साध्या आकृत्यांत बदलून) हाताने जोडायची. विक्री विभागाला हेच हवं होतं, कारण पहिलं मुखपृष्ठ बाहेर दाखवून झालं होतं. पण परवान्याचा प्रश्न त्याने सुटत नव्हता, आणि पुढचं प्रत्येक पुस्तक पुन्हा शस्त्रक्रियेला आलं असतं. हा पर्याय बाद झाला तो मुख्यतः परवान्यामुळे. अक्षरांच्या दोषांसाठी कदाचित तो झाला नसता, आणि ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

दुसरा पर्याय, आठही शीर्षकं अक्षरकाराकडून रेखाटून घेण्याचा. सुट्या पुस्तकासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. शब्द रेखाटला की द्ध्व अडचण राहत नाही, उलट तोच शीर्षकाचा केंद्रबिंदू करता येतो. मालिका चालू राहणार होती, ई-बुकमधली प्रकरणांची नावंही त्याच वळणात हवी होती, आणि चार आठवड्यांत आठ शीर्षकं नीट रेखाटून होणार नव्हती. म्हणून तो मागे पडला.

तिसरा पर्याय, मुक्त परवान्याचा दुसरा डिस्प्ले फॉन्ट शोधण्याचा. देवनागरीत आता अशा फॉन्टची वाण नाही आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेचा मोदक इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा जेमतेम फटीएवढी उरते. लहान मुलांच्या पुस्तकावर तो हसतो, रहस्यकथेवर चालत नाही. त्याच संस्थेचा जैनी कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या वळणावरून आलेला आहे; त्याने गोष्ट काही शतकं मागे गेली असती. यत्र वनचं मूळ रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांत आहे, आणि त्याचा सूर स्वागताचा आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ फार बारीक ठेवतो. मोठ्या आकारात तो रुबाबदार दिसतो, पण त्याला एकच वजन (रेघांच्या जाडीची पायरी) आहे. खंड आणि तेको हे त्याच संस्थेचे अरुंद फॉन्ट लांब शीर्षकांना सोयीचे. एक टाइपच्या ‘अनेक’मध्ये वजन आणि रुंदी दोन्ही सरकवता येतात. रुंदीचा अक्ष ७५ ते १२५, वजनाचा १०० ते ८००. रोझेटा या संस्थेच्या एक्झारची गंमत अशी की वजन वाढवत नेलं की त्याचा तिखटपणाही वाढतो.

या फेरीत संपादिकांनी एक प्रश्न विचारला, त्याने कामाची दिशा बदलली: धास्ती अक्षराच्या कडेतच असायला हवी का? डिझायनरने तोवर सजावट फॉन्टमध्येच शोधली होती. सजावट बाहेरून, एकाच जागी आणता येत असेल तर फॉन्ट शांत, भक्कम आणि पूर्ण अक्षरसंचाचा घेता येतो. त्या बैठकीपासून ‘भीतिदायक फॉन्ट’ हा शोध बंद झाला.

चाचणी

या वेळी नमुना मुखपृष्ठ केलं नाही. प्रत्येक उमेदवार फॉन्टसाठी एक ए-फोर पान केलं, सगळ्यांसाठी रचना तीच.

पानाच्या वरच्या भागात आठही शीर्षकं, मुखपृष्ठावरच्या खऱ्या आकारात. इथे एक दक्षता घेतली. देवनागरी फॉन्ट एकाच पॉइंट-आकारात लावून तुलना करणं निरर्थक आहे. ७२ पॉइंटला एकाचा क दुसऱ्यापेक्षा बराच लहान भरू शकतो. म्हणून शिरोरेषेपासून पायापर्यंत क ची उंची १८ मि.मी. धरली आणि प्रत्येक फॉन्टचा पॉइंट-आकार त्याप्रमाणे बदलला. हे केलं नाही तर मोठा दिसणारा फॉन्ट फुकटात जिंकतो.

त्याखाली कण्याचा आकार. ११ मि.मी. कण्यात दोन्ही बाजूंना दीड मि.मी. सोडलं की आठ उरतात. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार धरून ओळीची पूर्ण उंची क च्या दुपटीच्या जवळ जाते, म्हणजे कण्यावर क साधारण ४ मि.मी.चाच बसतो.

तिसरा भाग छोट्या चित्राचा. २१६ मि.मी. उंचीचं मुखपृष्ठ १६० पिक्सेलमध्ये आलं की एक पिक्सेल १.३५ मि.मी.चा होतो. १८ मि.मी.चा क १३ पिक्सेलांत मावतो, आणि ज्या फॉन्टची बारीक रेघ उंचीच्या एक-विसांश आहे तिच्या वाट्याला पाऊण पिक्सेलही येत नाही. ती राखाडी होते आणि पार्श्वभूमीत विरघळते.

सर्वांत खाली अवघड शब्दांची पट्टी. ती अशी होती:

उद्ध्वस्त, तत्त्व, राष्ट्र, द्वंद्व, ब्रह्म, हृदय, लक्ष्य, वाङ्मय, शृंखला, श्रोता, अश्व, ज्ञान, टट्टू, दुसऱ्या, तऱ्हा, रुची, रूप, ॲल्बम, ऑफिस, कर्तृत्व, विद्यार्थ्यांनी, सर्वांत, लाल, शाळा, झाड, अणू, १२३४५६७८९.

प्रत्येक शब्दाला काम आहे. ‘विद्यार्थ्यांनी’त रफार, अनुस्वार आणि काना एकाच ठिकाणी गर्दी करतात. ‘कर्तृत्व’मध्ये एकाच अक्षरावर रफार आणि खाली ऋकार. ‘रुची’ आणि ‘रूप’ ऱ्हस्व-दीर्घ फरक किती ठळक आहे ते दाखवतात. डिस्प्ले फॉन्टमध्ये तो बऱ्याचदा जवळजवळ दिसेनासा होतो. अ, झ, ण आणि ५, ८, ९ यांची वळणं फॉन्टगणिक बदलतात, आणि मालिकेला पुस्तक-क्रमांक लागणार असल्याने ५ आणि ८ आधीच बघायला हवे होते.

पट्टी लावताना दोन तांत्रिक गोष्टी आधी निस्तराव्या लागल्या. पानं जुळवायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावलेला नसला की पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. तो दोष फॉन्टचा नसतो, आणि दोन चांगले फॉन्ट सुरुवातीला त्यापायी विनाकारण यादीबाहेर गेले होते. दुसरी गोष्ट टंकलेखनाची. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य; किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य. दोन्ही दिसायला सारखे, पण काही फॉन्ट एकालाच ओळखतात. पट्टीत दोन्ही ठेवले आणि शीर्षकांची यादी पहिल्या पद्धतीत एकसारखी करून घेतली.

निर्णय

चाचणीतून तीन फॉन्ट अखेरपर्यंत टिकले. फॉन्ट दोन जाड-बारीक रेघांच्या टोकाच्या फरकाचा. मुखपृष्ठाच्या आकारात तिघांत सर्वांत सुंदर तोच होता, यात वाद नव्हता. पण छपाईवाल्याने फॉइलसाठी कमीत कमी ०.३ मि.मी. रेघ आणि ०.४ मि.मी. फट सांगितली होती. ४ मि.मी.च्या क मध्ये त्याची बारीक रेघ ०.२ मि.मी. भरत होती. कण्यावर तो तुटणार हे छापायच्या आधीच कागदावर कळलं.

फॉन्ट चार बोरूच्या कापाचा, तिरका जोर असलेला, चालत्या हाताचा. संपादिकांचा जीव त्याच्यात होता. ‘लुप्त शृंखला’ त्यात खरंच श्वास घेत होतं. त्याची अडचण ‘विद्यार्थी’त निघाली: र्थी मधला रफार दुसऱ्या वेलांटीच्या कमानीत घुसत होता आणि जाड वजनामुळे दोन्ही मिळून एक काळा ठिपका होत होता. श आणि ल हिंदी वळणाचेच राहत होते.

फॉन्ट तीन कमी फरकाचा, कोनदार, पाच वजनांचा. मुक्त परवाना, ‘मराठी’ भाषा लावताच श-ल बदलणारा, आठही शीर्षकांत कुठे न अडखळणारा. विक्री प्रतिनिधीचं मत पडलं, ‘नीट आहे, पण बातमीच्या मथळ्यासारखं वाटतंय.’ त्यात तथ्य होतं.

दुसरा निर्णयबिंदू इथे आला: चारची अडचण हाताने सोडवायची, की तीनला स्वभाव द्यायचा? चारमध्ये दुरुस्ती प्रत्येक नव्या शीर्षकाला लागली असती आणि ती कुठे लागेल हे आधी सांगता आलं नसतं. तीनमध्ये सजावट बाहेरून येणार होती, म्हणजे ती किती आणि कुठे हे डिझायनरच्या हातात राहणार होतं. तीन ठरला, सर्वांत जाड वजनात. सजावट म्हणून एकच गोष्ट ठरली: प्रत्येक शीर्षकाच्या शिरोरेषेला एक तडा.

अंमलबजावणी

तड्याची कल्पना सगळ्यांना आवडली, पण तो कुठे द्यायचा याला सर्वांत जास्त वेळ लागला. देवनागरीत शिरोरेषेतली फट ही शोभेची जागा नाही. ती अक्षर ओळखण्याची खूण आहे. म आणि भ, घ आणि ध यांच्यात फरक करायला वाचकाचा डोळा तीच फट शोधतो. पहिल्या मसुद्यात ‘मजल्यावरची’च्या म वर तडा दिला होता. मजकूर माहीत नसलेल्या वाचकांना मुखपृष्ठ दोन सेकंद दाखवून वाचायला सांगितलं, तर ‘भजल्यावरची’ असं वाचलं गेलं. ‘घड्याळजी’च्या घ वरच्या तड्याने ‘धड्याळजी’ झालं. ‘खोली’च्या ख मध्ये तडा मध्यावर आल्याने र आणि व वेगळे झाले आणि ‘रवोली’ दिसायला लागलं.

त्यानंतर तड्याचे नियम लिहून काढले. म, घ, य आणि ख वर तडा नाही. ग, ण, श वरही नाही, कारण त्यांचा डावा भाग आणि उभा दंड फक्त शिरोरेषेने जोडलेले असतात. ती तुटली की दंड सुटून काना वाटतो. भ, ध, थ यांना लागून तडा नाही, नैसर्गिक फट आणि तडा मिळून शब्द दोन तुकडे वाटतो. दोन अक्षरांच्या सांध्यावर नाही, तिथे तो शब्दांतली मोकळी जागा वाटतो. मात्रा, वेलांटी किंवा रफार असलेल्या अक्षरावर नाही. एवढं गाळून उरतात ती क, च, ज, ट, त, प, ल, व, ळ यांसारखी अक्षरं. ‘मृगजळाचा’त तडा ज वर गेला, ‘वेधशाळा’त ळ वर, ‘मजल्यावरची’त व वर. रुंदी शिरोरेषेच्या जाडीच्या निम्मी, कोन सगळीकडे एकच. १८ मि.मी.च्या क ला शिरोरेषा ३ मि.मी. जाड होती, म्हणजे तडा दीड मि.मी.चा.

हाच तडा कण्यावर ०.३५ मि.मी.पेक्षाही कमी होतो आणि फॉइल तो भरून टाकते. म्हणून दोन मांडण्या ठरल्या: मुखपृष्ठ आणि पोस्टरवर तडा, कण्यावर अखंड शिरोरेषा. छोट्या चित्रासाठी सुरुवातीला तडा ठेवला होता. तिथे तो जेमतेम एका पिक्सेलचा येत होता आणि आकार कमी-जास्त होताना कधी दिसायचा, कधी नाही. अर्धवट दिसणारा तडा छपाईतल्या चुकीसारखा वाटतो. तिथूनही तो काढला.

दोन ओळींच्या शीर्षकांत ओळींमधलं अंतर एकच ठेवता येईना. ‘उद्ध्वस्त’मधलं द्ध्व खाली खोल उतरतं आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘वे’ची मात्रा नेमकी त्याच्याखाली येते. अंतर वाढवलं तर शीर्षक दुभंगतं. दुसरी ओळ एका अक्षराच्या रुंदीने उजवीकडे सरकवली, तेव्हा मात्रा स्त च्या खालच्या मोकळ्या जागेत गेली आणि ओळी जवळ राहिल्या. ‘मृगजळाचा / नकाशा’ला हा त्रास नाही, खालच्या ओळीत वर काहीच नसल्याने ऋकाराला जागा मिळते आणि ओळी आणखी जवळ आणता आल्या.

‘लुप्त शृंखला’ लहान पडत होतं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवून ते रुंदीभर पसरवायची सूचना आली. ट्रॅकिंग ५० केल्याबरोबर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर केसाएवढी फट पडली. वरून रेघ ओढून ती बुजवता येते, पण तिची टोकं आणि जाडी मूळ रेषेशी जुळत नाहीत आणि तडा त्या गोंधळात हरवतो. अक्षरांतलं अंतर शून्यावर ठेवून आकार वाढवला. दोन शब्द दोन ओळींत घेतले.

पोस्टरवर शीर्षकाला पांढरी कड हवी होती. फॉन्टमधली अक्षरं सांध्यावर एकमेकांवर थोडी चढलेली असतात, त्यामुळे थेट कड दिली की प्रत्येक सांध्यात उभी रेघ उमटते. आधी आउटलाइन, मग सगळे आकार ‘युनाइट’ करून एकसंध, मग तडा, आणि शेवटी कड, या क्रमाने काम केलं. क्रम उलटला तर कड तड्यात शिरून तो बुजवते.

लेखकाचं नाव, मालिकेचं नाव आणि मलपृष्ठाच्या मजकुरासाठी मुक्ता घेतला. सात वजनांचा, निमूट. शेजारी दुसरा डिस्प्ले फॉन्ट आणायचा मोह संपादिकांनी दोनदा बोलून दाखवला आणि दोन्ही वेळा नमुना बघून मागे घेतला.

परिणाम

पहिली तीन पुस्तकं मुदतीत छापून आली, उरलेली पाच दुसऱ्या फेरीत. स्पॉट यूव्ही काही प्रतींत अर्धा मि.मी. सरकला होता, पण जाड रेघांवर तो डोळ्याला जाणवत नाही. फॉन्ट दोन घेतला असता तर बारीक रेघा चकाकीच्या बाहेर उघड्या पडल्या असत्या. कण्यावरची नावं शेल्फवर लांबून वाचता येतात. आठही पुस्तकं शेजारी ठेवली की तड्यामुळे ती एका घरातली कळतात.

दोन गोष्टी बिघडल्या. पोस्टर छापताना बाहेरच्या छपाईवाल्याने मूळ फाइल उघडून आकार बदलला. त्याच्याकडे फॉन्ट नव्हता, त्यामुळे खालची ओळ दुसऱ्याच वळणात छापली गेली. शीर्षक आउटलाइन केलेलं असल्याने वाचलं. त्यानंतर बाहेर फक्त आउटलाइन केलेली पीडीएफ जाते. ई-बुकमध्ये फाइल हलकी करणाऱ्या साधनाने फॉन्टमधली ‘न लागणारी’ अक्षरं काढताना जोडाक्षरांचे नियमही काढून टाकले, आणि प्रकरणांच्या नावांत सगळीकडे पाय मोडलेली अक्षरं आली. ही चूक पडद्यावर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. फाइल तांत्रिक तपासणीतून बिनतक्रार पार पडली होती. अर्धा फॉन्ट न घालता पूर्ण फॉन्ट घातला आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवली.

नववं पुस्तक पुढे आलं, त्याच्या नावात ‘वाङ्मय’ होतं. ङ्म पट्टीवर तपासलेलं होतं, पण फॉन्ट तीनमधला त्याचा आकार डिस्प्लेला दुबळा वाटत होता. फॉन्टचा परवाना ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) १.१ असल्याने बदल करण्याची मुभा होती. मात्र मूळ निर्मात्याने नाव राखून ठेवलेलं असेल तर बदललेली आवृत्ती त्या नावाने वापरता येत नाही. म्हणून ई-बुकसाठी जोडाक्षर सुधारलेली प्रत नव्या नावाने केली आणि परवान्याची फाइल सोबत ठेवली. मुखपृष्ठावर केवळ आउटलाइनमध्ये दुरुस्ती पुरली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीत सोपं शीर्षक नेण्याऐवजी ‘उद्ध्वस्त वेधशाळा’ किंवा ‘तिसऱ्या मजल्यावरची खोली’ नेलं असतं तर फॉन्ट एक त्याच दिवशी बाद झाला असता आणि दोन आठवडे वाचले असते. परवान्याची फाइल उतरवल्याबरोबर वाचली असती तर तेवढंही करावं लागलं नसतं.

दोन सेकंदांची वाचन-चाचणी तड्यासाठी घेतली, पण उमेदवार फॉन्टसाठी घेतली नाही. फॉन्ट चारचा ‘विद्यार्थी’ संचातल्या लोकांना शब्द माहीत असल्यामुळे सुरुवातीला वाचता येत होता. अनोळखी डोळ्यांनी तो काळा ठिपका पहिल्याच दिवशी दाखवून दिला असता आणि संपादिकांना आवडलेला फॉन्ट उशिरा सोडायची वेळ आली नसती.

छपाईवाल्याच्या ०.३ आणि ०.४ मि.मी. या मर्यादा तिसऱ्या आठवड्यात विचारल्या गेल्या. त्या पहिल्या दिवशी मिळाल्या असत्या तर टोकाच्या फरकाचे सगळे फॉन्ट कण्यापुरते यादीतच आले नसते. किंवा कण्यावर फॉइलऐवजी साधी शाई घ्यायची आणि फॉन्ट दोन ठेवायचा, हा पर्याय तरी वेळेत मांडता आला असता. तो कुणी मांडला नाही, आणि मुखपृष्ठाच्या आकारात फॉन्ट दोन ज्या ताकदीचा होता ते बघता निदान एक नमुना छापून बघायला हवा होता.

तड्याचे नियम आठव्या शीर्षकापर्यंत डिझायनरच्या वहीतच होते. दुसऱ्या फेरीतली दोन मुखपृष्ठं मदतनीसाने केली, त्यात ‘मध्यरात्रीचे’च्या म वर तडा गेला आणि तो अंतिम प्रूफमध्ये पकडला गेला. आता नियमांचं एक पान मालिकेच्या फाइल्ससोबत ठेवलेलं आहे: चालणारी अक्षरं एका रकान्यात, न चालणारी दुसऱ्यात, आणि त्याखाली अवघड शब्दांची पट्टी.